टुंड्रात वर्षभर राहायचं तर: इकालुइतला जाणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

शाळेच्या भूगोलात टुंड्रा प्रदेश दीड पानात आटोपतो. बर्फ, इग्लू, रेनडिअर, कुत्र्यांची घसरगाडी आणि शेवटी ‘येथील जीवन अत्यंत खडतर असते’ हे वाक्य. खडतर म्हणजे नेमकं काय, आणि तरीही माणसं हजारो वर्षं तिथे का आणि कशी टिकली, ते त्या पानात सापडत नाही.

हा लेख मुख्यतः अशा लोकांसाठी आहे ज्यांना खरोखर तिथे जाऊन राहायचं आहे. कॅनडात स्थिरावलेल्या मराठी मंडळींपैकी नर्स, शिक्षक, अकाउंटंट, इंजिनिअर अशा कुणाला तरी नूनावुत या कॅनडाच्या उत्तरेकडच्या प्रदेशातल्या नोकरीची जाहिरात दिसते, पगार चांगला असतो, आणि मग प्रश्न पडतो की जमेल का? म्हणून सगळं सांगताना मी एकच गाव समोर ठेवतो: नूनावुतची राजधानी इकालुइत. बॅफिन बेटावरचं, साधारण साडेसात हजार वस्तीचं गाव. जिथे गरज आहे तिथे अलास्काच्या उत्तर टोकाचं उत्कियागविक (जुनं नाव बॅरो) आणि सैबेरियातला यमाल द्वीपकल्प यांचेही दाखले येतील.

आधीच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्या सूचना तिच्यातूनच निघतात. टुंड्रात थंडीचा बंदोबस्त होतो, ओलीचा होत नाही. घामाने भिजलेला मोजा, घराखाली वितळलेली जमीन, बर्फावर पडलेला अवेळी पाऊस यांनी तिथे जितकं नुकसान होतं तितकं कोरड्या उणे तीसने होत नाही.

पहिली पायरी: हवामानाचे आकडे नीट वाचा

टुंड्रा हवामानाची व्याख्या हिवाळ्यावरून नाही, उन्हाळ्यावरून केली जाते. वर्षातल्या सर्वांत उबदार महिन्याचं सरासरी तापमान शून्याच्या वर पण १० अंशांच्या खाली असेल, तर तो टुंड्रा. १० अंश गाठता आले नाहीत की झाडं उभी राहत नाहीत. म्हणून सैबेरियातल्या याकुत्स्कला हिवाळा इकालुइतहून कितीतरी कडक असूनही तिथे जंगल आहे, कारण तिथला जुलै चांगला तापतो. इकालुइतचा जुलै सरासरी ८ अंशांच्या आसपास असतो, उत्कियागविकचा ५ च्या जवळपास. फेब्रुवारीत इकालुइतची सरासरी उणे २६-२७ पर्यंत उतरते.

दुसरा आकडा पाण्याचा. उत्कियागविकला वर्षभराचा पाऊस आणि बर्फ वितळवून मोजला तरी दीडशे मिलिमीटरच्या आत भरतो. आपल्या आटपाडी-जतला दुष्काळी तालुके म्हणतात, तिथेही याच्या कितीतरी पट पडतो. इकालुइतला सुमारे ४०० मिलिमीटर. मग उन्हाळ्यात विमानातून खाली पाहिलं की जिथे तिथे तळी आणि दलदल कशी दिसते? कारण पाणी जिरायला जागाच नाही. खाली जमीन गोठलेली, वर ऊन मंद, बाष्पीभवन कमी. पडतं थोडंच, पण जातही नाही.

तिसरा आणि रोजच्या कामाचा आकडा वाऱ्याचा. झाडं नाहीत, आडोसा नाही, वारा सरळ अंगावर येतो. उणे ३० तापमान आणि ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे ४८ सारखं लागतं. कॅनडाच्या हवामान खात्याच्या कोष्टकानुसार उणे ४० ते ४७ च्या दरम्यान पाच-दहा मिनिटांत हिमदंश होऊ शकतो, आणि त्याखाली दोन ते पाच मिनिटांत. तेव्हा सकाळी फोनवर नुसतं तापमान बघून बाहेर पडू नका, ‘विंडचिल’चा आकडा बघा. वारा नसलेली उणे ३० ची सकाळ फिरायला उत्तम असते. उणे १५ आणि जोरदार वारा असला की नाक झाकल्याशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातही जाऊ नये.

दुसरी पायरी: प्रकाशाची तयारी

इकालुइत आर्क्टिक वृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे, त्यामुळे सूर्य कधीच पूर्ण गायब होत नाही. डिसेंबरात चार-साडेचार तास उजेड मिळतो, जूनमध्ये वीस-एकवीस तास. उत्कियागविकला मात्र नोव्हेंबरच्या १८ तारखेच्या सुमारास सूर्य मावळतो तो जानेवारीच्या २२-२३ ला उगवतो. मधल्या काळात काळोखच असतो असं मात्र नाही. दुपारी काही तास क्षितिजावर निळसर-गुलाबी संधिप्रकाश असतो आणि बर्फामुळे तो पसरतो.

गंमत म्हणजे नव्याने येणाऱ्यांना अंधारापेक्षा उजेडाचा त्रास जास्त होतो. मे-जूनमध्ये रात्री अकराला मुलं बाहेर खेळत असतात, आपणही जेवण, फेरफटका, गप्पा करत राहतो आणि आठवड्याने लक्षात येतं की झोपच झालेली नाही. खिडकीला पूर्ण काळोख करणारे जाड पडदे पहिल्याच आठवड्यात लावा. हिवाळ्यासाठी दहा हजार लक्सचा दिवा घ्या आणि सकाळी अर्धा तास त्याच्यासमोर चहा-नाश्ता करा. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. आपल्या सावळ्या कातडीला हे जीवनसत्त्व बनवायला ऊन जास्त लागतं, आणि तिथे ते नाही.

तिसरी पायरी: पायाखालची जमीन समजून घ्या

इकालुइतमध्ये घर बघायला जाल तेव्हा पहिल्यांदा नजरेत भरेल ते घराखालचं मोकळं अंतर. बहुतेक इमारती पोलादी खांबांवर उभ्या असतात आणि खालून वारा आरपार जातो. हौस म्हणून केलेलं नाही ते. खालची जमीन शतकानुशतकं गोठलेली आहे. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात, आणि उत्कियागविकला तिची जाडी जवळपास चारशे मीटर आहे. उन्हाळ्यात तिचा फक्त वरचा थर वितळतो, कुठे वीतभर-हातभर तर कुठे मीटर-दीड मीटर. गवत, शेवाळ, खुजी विलो, रानबेरी हे सगळं त्या तेवढ्या थरात जगतं.

घर थेट जमिनीवर बांधलं तर घराची ऊब खाली उतरते, बर्फ धरून बसलेली माती वितळते, तिचा चिखल होतो आणि घर एका बाजूला कलतं. म्हणजे तिथे घराला धोका थंडीचा नसून स्वतःच्याच उबेचा असतो. खांबांमधून वारा खेळता ठेवून जमीन मुद्दाम थंड ठेवतात. म्हणून भाड्याच्या घराखालची मोकळी जागा सामान रचून बंद करू नका. घरमालक रागावेल ते बरोबरच आहे.

हेच मोठ्या प्रमाणावर चुकलं तर काय होतं ते मे २०२० मध्ये रशियातल्या नोरिल्स्कजवळ दिसलं. इंधनाची एक भलीमोठी टाकी खचली आणि सुमारे वीस हजार टन डिझेल नदीत आणि जमिनीत गेलं. आधाराखालची गोठलेली जमीन सैल झाल्याचं कारण तेव्हा पुढे आलं.

नळाच्या पाइपांचीही हीच अडचण. पुरले तर गोठतात, गरम ठेवले तर जमीन वितळवतात. इकालुइतच्या मध्यभागात उष्णतारोधक आवरणातून जाणाऱ्या वाहिन्या आहेत, बाकी घरांना टँकर. होय, टँकर! मराठवाड्यातल्या माणसाला हा भाग समजवावा लागणार नाही. फरक एवढाच की तिथे दोन टँकर येतात: एक घरातल्या टाकीत पाणी भरतो, दुसरा सांडपाण्याची टाकी उपसून नेतो. वादळात दोन्ही येत नाहीत. म्हणून टाकीची पातळी बघायची सवय लावा, वादळाचा इशारा आला की आंघोळी आणि कपडे धुणं आवरतं घ्या, आणि पिण्याचं वीस-पंचवीस लिटर पाणी बंद कॅनमध्ये वेगळं ठेवा. २०२१ च्या ऑक्टोबरात इकालुइतच्या नळाच्या पाण्यात इंधन मिसळलेलं आढळलं तेव्हा जवळपास दोन महिने लोकांना ते पिता आलं नाही. बाटल्यांचं पाणी विमानाने आणावं लागलं आणि कित्येकांनी गावाशेजारच्या सिल्व्हिया ग्रिनेल नदीचं पाणी भरून आणलं.

चौथी पायरी: कपडे, म्हणजे घामाचं व्यवस्थापन

या पायरीवर जरा रेंगाळतो, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

सुती कपडा अंगाला लागून नको. बनियन, मोजे, जीन्स, काहीच नको. सूत घाम शोषतं, धरून ठेवतं आणि चालणं थांबलं की तोच ओलावा अंगातली ऊब ओढून घेतो. आतला थर मेरिनो लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा, मधला फ्लीसचा, बाहेरचा वारा अडवणारा आणि पिसांनी भरलेला जाड पार्का, म्हणजे टोपीसकटचा कोट. थर एकमेकांना घट्ट बसता कामा नयेत. ऊब कापडात नसते, मधल्या हवेत असते. बुटांचंही तेच: दोन मोजे घालून बूट आवळून बसत असेल तर तो बूट लहान आहे. बोटं हलली पाहिजेत.

बाहेर निघताना थोडी थंडी वाजत असली तर ते योग्य आहे. दारातच छान उबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम फुटेल. चालताना अंग तापायला लागलं की घाम यायच्या आधी चेन उघडा, टोपी मागे सरकवा. बुटांच्या आतला नमद्याचा थर रोज रात्री बाहेर काढून वाळवा. हे एक काम चुकवू नका. आदल्या दिवशी न वाळवलेला बूट दुसऱ्या दिवशी पाय गोठवतो.

हातांसाठी पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा एकत्र बोटांचे मिटन चांगले, आणि ते मानेतून जाणाऱ्या दोरीला बांधलेले असावेत. लहान मुलांसारखं दिसतं हे खरं, पण वाऱ्यात उडालेला मिटन परत मिळत नाही. कानातलं धातूचं काढून ठेवा. चष्मा असेल तर आत शिरताना धुकटणार, काही मिनिटं दारात आंधळ्यासारखं उभं राहावं लागणार हे धरून चाला. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. बाहेरच्या खिशात त्याची बॅटरी बघता बघता संपते.

आता हे सगळं इनुइट लोकांनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, कसं सोडवलं ते बघा. कॅरिबूच्या (उत्तर अमेरिकेतल्या रेनडिअरच्या) कातड्याचा पोशाख दुहेरी असतो: आतल्या अंगरख्याचे केस अंगाकडे, बाहेरच्याचे केस बाहेर. कॅरिबूचा केस आतून पोकळ असतो, त्यात हवा कोंडलेली राहते. पूर्ण पोशाख आपल्या आधुनिक कपड्यांपेक्षा हलका पडतो आणि सैल असल्याने घामाची वाफ गळ्यातून आणि खालून निघून जाते. बुटांसाठी मात्र सीलचं कातडं, कारण ते पाणी अडवतं. शिवण्याचा धागा प्राण्याच्या स्नायूचा. तो भिजला की फुगतो आणि सुईचं भोक बुजवतो. टोपीच्या कडेला लांडग्याची किंवा वॉल्व्हरिन या केसाळ शिकारी प्राण्याची लव लावतात, श्वासाची वाफ तिच्यावर गोठली तरी हाताने झटकली की गळून पडते. बाळाच्या आईचा आमाउती नावाचा पार्का पाठीकडे फुगीर असतो. बाळ आईच्या पाठीला टेकून तिच्याच उबेत बसतं आणि आई त्याला उघड्यावर न काढता पुढे फिरवून घेऊ शकते.

आणि एक छोटी गोष्ट. शिकारीहून आलेला माणूस थेट घरात शिरत नाही. थंड पडवीत उभा राहून एका चपट्या काठीने कातडी अंगरख्यावर फटके मारतो, केसांच्या मुळाशी अडकलेला भुरभुरीत बर्फ सगळा झाडून टाकतो आणि कपडा बऱ्याचदा त्या थंड पडवीतच ठेवतो. आत आणला तर बर्फ वितळेल, कातडं भिजेल आणि उद्या तेच गोठून ताठ होईल. तुमच्या हजार डॉलरच्या पार्कालाही हाच नियम लावा: दारातच झटका, मग आत.

हिमदंशाची पहिली खूण म्हणजे गालावर, नाकावर किंवा कानावर पांढरट, मेणासारखा डाग. माणसाला स्वतःला तो जाणवत नाही, म्हणून सोबतच्याच्या चेहऱ्याकडे अधूनमधून बघायचं. उघडा उबदार तळहात तिथे दाबून धरा. चोळू नका, बर्फ तर मुळीच चोळू नका. जागा कडक लागत असेल किंवा फोड आले असतील तर सरळ रुग्णालय. वाटेत परत गोठण्याची शक्यता असेल तर तो भाग वितळवायच्या फंदात पडू नका. एकदा वितळून पुन्हा गोठलेलं मांस वाचवणं फार अवघड होतं.

एप्रिल-मेमध्ये थंडीपेक्षा उन्हाला जपा. बर्फावरून परावर्तित झालेलं ऊन डोळे भाजून काढतं. इनुइट शिकारी हाडाचे किंवा लाकडाचे, बारीक आडवी चीर ठेवलेले चष्मे वापरत. तुम्ही चांगला गॉगल वापरा.

पाचवी पायरी: घर

इग्लूबद्दलचा गैरसमज काढूनच टाकू. हिमाच्या विटांचं घर सगळ्या आर्क्टिकमध्ये कधीच नव्हतं. मध्य आणि पूर्व कॅनडातल्या इनुइटांचं ते हिवाळी घर आणि शिकारीच्या वाटेवरचा मुक्काम होता. अलास्कात दगड, लाकूड, व्हेलची हाडं आणि गवताळ मातीची ढेकळं यांची अर्धी जमिनीत रुतलेली घरं असत. आज इकालुइतमध्ये सगळे तुमच्या-आमच्यासारख्या चार भिंतींत राहतात.

पण हिमघराची रचना शिकण्यासारखी आहे, कारण वादळात अडकलात तर तीच कामी येते. बर्फ ताजा, भुसभुशीत चालत नाही. वाऱ्याने दाबून घट्ट झालेला, एकाच वादळात साठलेला लागतो. सुरीने ठोकळे कापायचे आणि बाहेर नव्हे तर आत कलवत, गोल वर चढत जायचं. दार खाली, झोपायचा चौथरा वर. थंड हवा जड असल्याने ती दारातल्या खोलगटात साठते आणि उबदार हवा चौथऱ्याशी राहते. सीलच्या चरबीचा कुलिक नावाचा अर्धचंद्राकृती दगडी दिवा, शेवाळ आणि कापूसगवताची वात. एवढ्यावर बाहेर उणे ३५ असताना आत शून्याच्या आसपास राहतं. छत आतून गुळगुळीत करतात ते शोभेसाठी नाही. वितळलेलं पाणी अंथरुणावर ठिबकू नये, भिंतीवरून ओघळून तिथेच शोषलं जावं यासाठी. पुन्हा ओलच.

आधुनिक घरात तीच समस्या वेगळ्या रूपात येते. हिवाळ्यात बाहेरची हवा कमालीची कोरडी, त्यामुळे ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी बसते. पण स्वयंपाकघरात कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या की तीच वाफ खिडकीच्या काचेवर जाऊन बर्फ होते, दिवसा वितळते आणि चौकटीत बुरशी धरते. डाळ-भात रोज शिजवणाऱ्या घरात हे हमखास होतं. वरचा पंखा लावा, घराचं हवा-अदलाबदल यंत्र बंद करू नका (आवाज करतं म्हणून लोक बंद करतात), पडदे काचेला चिकटू देऊ नका.

नोकरीच्या पत्रात घर मिळणार आहे की नाही हे लेखी विचारा. नूनावुतमध्ये घरांची टंचाई भयंकर आहे, आणि तिचा सर्वाधिक चटका स्थानिक इनुइट कुटुंबांना बसतो. एकेका घरात तीन पिढ्या दाटीने राहतात आणि बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्याला घर मिळतं. हा विरोधाभास गावात सगळ्यांना ठाऊक असतो, तुम्हालाही ठाऊक असावा. वीज नूनावुतच्या सगळ्या गावांत डिझेलवरच बनते. ते डिझेल उन्हाळ्यात जहाजाने येतं.

सहावी पायरी: वाणसामान आणि स्थानिक अन्न

नूनावुतमधली २५ गावं एकमेकांना किंवा दक्षिणेला रस्त्याने जोडलेली नाहीत. माल येतो विमानाने किंवा जुलै ते ऑक्टोबरच्या जहाजाने. किमती दक्षिणेच्या दुप्पट-तिप्पट सहज होतात, सरकारी अनुदान धरूनही. तेव्हा जहाजाची यादी हे वर्षातलं मोठं काम. माँट्रिअलजवळच्या बंदरांतून माल चढतो, नोंदणी वसंतातच करावी लागते. तांदूळ, कणीक, रवा, पोहे, तूर-मूग-मसूर, शेंगदाणे, तेल, गूळ, साबण, टॉयलेट पेपर, सगळं वर्षाचं. मसाले वजनाला हलके असतात, ते विमानाच्या बॅगेत न्या. उशिराच्या जहाजावर काचेच्या बाटल्यांतलं लोणचं किंवा गोठून फुटेल असं काही टाकू नका. इडलीचं पीठ ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं की फुगतं.

शाकाहारी माणूस तिथे राहू शकतो का? पैसे असतील तर हो. मात्र भाजी शिळी, महाग आणि वादळाच्या आठवड्यात गायब असेल हे मान्य करूनच.

स्थानिक लोक ज्याला आपलं अन्न मानतात ते वेगळं: ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा, सील, कॅरिबू, नारव्हाल या लांब सुळ्याच्या व्हेलची चरबीसह कातडी, बेरी. जमिनीवर पुठ्ठा अंथरून त्यावर गोठलेला मासा किंवा मांस ठेवतात आणि अर्धगोल उलू सुरीने जो तो आपला तुकडा कापून घेतो. कच्चं खाण्यामागे कारण आहे. भाजीपाला नसलेल्या प्रदेशात ‘क’ जीवनसत्त्व त्या कच्च्या कातडीतून आणि मांसातून मिळतं, शिजवलं की ते बरंचसं जातं. बोलावणं आलं आणि तुम्ही मांसाहारी असाल तर जरूर जा. नसाल तर तसं सांगा, कोणी वाईट वाटून घेणार नाही. आग्रह आपल्याकडच्यासारखा नसतो. ध्रुवीय अस्वलाचं यकृत मात्र कोणीच खात नाही. त्यात ‘अ’ जीवनसत्त्व इतकं असतं की विषबाधा होते.

शिकारीचा वाटा विकण्यापेक्षा वाटला जातो. उत्कियागविकला वसंतात दाढीवाल्या सीलच्या कातड्यांनी मढवलेल्या उमियाक होड्यांतून बोहेड व्हेलची शिकार होते, आणि ज्या चमूला यश मिळालं तो जूनमध्ये नालुकातक नावाच्या उत्सवात सगळ्या गावाला मांस वाटतो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मांस ठेवायला गोठलेल्या जमिनीत खणलेली तळघरं आहेत. आता त्यांतल्या काहींमध्ये पाणी झिरपायला लागलं आहे.

जाता जाता: सीलच्या कातड्याचं काही विकत घेताना अपराधी वाटून घेऊ नका. युरोपने १९८३ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये सीलच्या वस्तूंवर बंधनं आणली, इनुइटांना सवलत कागदावर दिली, पण बाजारच बसला आणि शिकाऱ्यांच्या हातातला रोख पैसा गेला. मांस तर ते खाणारच होते.

सातवी पायरी: गावाबाहेर पाऊल टाकताना

टुंड्रात प्रवासाचा हंगाम हिवाळा आहे. उन्हाळ्यात दलदल, ओढे आणि डासांचे ढग, हिवाळ्यात जमीन, तळी, समुद्र सगळं एक सलग रस्ता. स्नोमोबाइलमागे कामुतिक नावाची लाकडी घसरगाडी बांधतात. तिच्या आडव्या फळ्या खिळ्यांनी ठोकत नाहीत, दोरीने बांधतात. उंचसखल बर्फावर आदळताना खिळ्याची गाडी मोडते, दोरीची वाकते आणि पुन्हा जागेवर येते.

समुद्राच्या बर्फावर एकट्याने जाऊ नका, अनुभवी स्थानिकाशिवाय तर नाहीच. इकालुइतच्या खाडीत भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरहून जास्त असतो, मुंबईच्या उधाणाच्या दुप्पट. त्यामुळे किनाऱ्यालगतचा बर्फ रोज वर-खाली होऊन फुटत राहतो. कुठे प्रवाहाने बर्फ खालून पातळ केला आहे ते वरून कळत नाही. ज्याला कळतं त्याच्यामागे जायचं. बर्फाच्या स्थितीची देवाणघेवाण करायला शिकारी आता ‘सिकू’ हे ॲपही वापरतात, जुन्या माहितीवर नवा फोन. नूनावुतमधल्याच इग्लूलिक गावचे शिकारी धुरकट हवेत ठरावीक दिशेच्या वाऱ्याने घडवलेल्या, जिभेच्या आकाराच्या कडक बर्फाच्या उंचवट्यांवरून दिशा धरतात. कामुतिक त्या उंचवट्यांना ठरावीक कोनात कापत नेली की वाट चुकत नाही.

निघण्याआधी कुठे चाललो, कधी परतणार हे कुणाला तरी सांगा. उपग्रहावर चालणारं संदेशयंत्र, स्टोव्ह, जादा इंधन, कोरडे मोजे-मिटन, बर्फाची सुरी, चहा-साखर एवढं अर्ध्या दिवसाच्या फेरीलाही लागतं. वादळ आलं तर पुढे रेटू नका, थांबा. अस्वलांच्या भागात बंदूक चालवणारा माणूस सोबत हवा. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे लोक नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या ‘हिमाद्री’ या भारतीय तळावर जातात, तेव्हा तिथेही वस्तीबाहेर हाच नियम असतो. हिमाद्री २००८ पासून आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळ्यातही आपले शास्त्रज्ञ राहू लागले.

आठवी पायरी: जे आता बदलतंय त्याची दखल

१९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला. तिथल्या माणसाला हे आकड्यातून कळत नाही, ओलीतून कळतं. यमालमधले नेनेत्स लोक रेनडिअरच्या कळपांबरोबर वर्षभर फिरतात. हिवाळ्यात दक्षिणेला झाडीच्या कडेला, उन्हाळ्यात डास टाळायला उत्तरेच्या समुद्राकडे. चुम नावाचा खांब-कातड्यांचा तंबू बायका तासाभरात उभा करतात. रेनडिअर बर्फ उकरून खालचं दगडफूल खातो, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचा लांबचा भाऊबंद. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथे बर्फावर पाऊस पडला आणि मग कडक गोठलं. वर काचेसारखा थर बसला, खूर आत जाईना, आणि सुमारे ६१ हजार रेनडिअर उपाशी मेले. उणे ४० ने जे होत नाही ते एका पावसाने झालं. २०१६ च्या उष्ण उन्हाळ्यात त्याच भागात वितळलेल्या जमिनीतून ॲन्थ्रॅक्स या रोगाचे जंतू वर आले, दोन हजारांवर रेनडिअर आणि एक बारा वर्षांचा मुलगा दगावला. अलास्कातलं न्यूटोक हे गाव खचत्या नदीकाठामुळे मेर्तारविक या नव्या जागी हलवावं लागलं.

तुमच्यासाठी याचा अर्थ इतकाच की ‘गेल्या वर्षी या तारखेला बर्फावरून गेलो होतो’ हा पुरावा धरू नका. बॅफिन बेटावर कॅरिबूंची संख्या घटल्याने २०१५ पासून शिकारीवरही मर्यादा आहेत, तेव्हा कॅरिबूचं मांस कुणी दिलं तर ते मोठं देणं समजा.

शेवटची तयारी: कधी जायचं, कसं वागायचं

‘एस्किमो’ म्हणू नका, कॅनडात इनुइट म्हणतात. घरात शिरताना बूट दारात काढतात, आपल्याला सवय आहेच. भुवया उंचावणं म्हणजे हो, नाक मुरडणं म्हणजे नाही. प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसाल आणि समोरच्याने ते केव्हाच दिलेलं असेल. शांतता तिथे अवघडलेली नसते, भरून काढायला धावू नका.

जानेवारीत रुजू होण्याचा प्रस्ताव आला तर महिना बदलून घ्यायचा प्रयत्न करा. माझ्या मते ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबर उत्तम: जमीन उघडी दिसते, बेरी असतात, गाव पायाखालून घालता येतं आणि थंडी हळूहळू अंगवळणी पडते. ते जमत नसेल तर मार्चअखेर, तेव्हा उजेड भरपूर आणि बर्फ घट्ट असतो. विमान ओटावाहून साधारण तीन तासांचं आहे, पण इकालुइतवर वादळ किंवा धुकं असलं तर ते उतरत नाही, परत फिरतं. ओटावात एका जादा रात्रीची सोय धरूनच तिकीट काढा, आणि पार्का चेक-इन बॅगेत नव्हे, हातात ठेवा.